काचेतल्या बाळासाठी गोधडी: पहिल्या चौकशीपासून शेवटच्या टाक्यापर्यंत

माझ्या पहिल्या सात गोधड्या रुग्णालयातल्या नवजात बाळांच्या वॉर्डाच्या दारातूनच परत आल्या. सिस्टरांनी वरची एक उचलली, नाकाजवळ नेली आणि विचारलं, "काकू, डांबराच्या गोळ्यांत ठेवलेली लुगडी होती का ही?" होती. आईच्या ट्रंकेतली, शेकडो धुण्यांनी मऊसूत झालेली. बाळासाठी याहून चांगलं कापड कुठलं, असं मला वाटलं होतं.

त्या दिवशी जे कळलं ते आधी सांगते, कारण आपल्या घराघरांत ट्रंका आहेत आणि ट्रंकांमध्ये गोळ्या आहेत. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतःच कमी असतं. डांबराच्या गोळीतलं नॅफ्थलीन कपड्यावाटे किंवा नुसत्या वासावाटे अशा बाळाच्या शरीरात गेलं, तरी तांबड्या पेशी फुटायला लागतात. कावीळ झपाट्याने वाढते आणि मेंदूला इजा करण्यापर्यंत जाऊ शकते. भरल्या दिवसांच्या बाळालाही हा धोका असतोच. सातव्या महिन्यात जन्मलेल्या सव्वा किलोच्या जिवाचं तर विचारायलाच नको. दोन धुण्यांनी हा वास जात नाही, मी करून पाहिलंय. डांबराच्या गोळ्यांतलं कापड या कामासाठी बाद, मग ते कितीही मऊ असो.

दुसरी चूक लेस. चारही कडांना लावली होती, जाळीदार. बाळाची बोटं काडेपेटीतल्या काडीएवढी, जाळीत अडकायला वेळ लागत नाही. तिसरी चूक सगळ्यांत मोठी होती आणि ती हमखास सगळ्यांची होते. मी गोधडी बाळाच्या अंगावर घालायला शिवली होती.

पांघरूण बाळाला नव्हे, पेटीला

३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आत जन्मलेलं बाळ म्हणजे अकाली जन्मलेलं बाळ. आपण म्हणतो "बाळ काचेत ठेवलंय", ती काच म्हणजे इन्क्युबेटरची बंद पेटी. त्या पेटीतली हवा आधीच मोजून गरम केलेली असते. आत बाळ बहुधा नुसत्या लंगोटावर असतं, कारण त्याचा श्वास, रंग आणि छातीची हालचाल सतत दिसायला हवी. त्यावर गोधडी टाकली तर ते सगळं झाकलं जातं. घरी गेल्यावरही तान्ह्या बाळाच्या झोपेच्या जागी सैल, जाड पांघरूण नको, असंच डॉक्टर सांगतात. नाका-तोंडावर आलं तर ते बाजूला सारण्याची ताकद त्या हातांत नसते.

गोधडी हवी असते ती पेटीच्या डोक्यावर, बाहेरून. वॉर्डातले दिवे रात्रंदिवस चालू असतात. तिसाव्या आठवड्याच्या आसपास जन्मलेल्या बाळाची बाहुली प्रकाशात नीट आकुंचनही पावत नाही आणि पापण्या इतक्या पातळ की मिटल्या तरी उजेड आत जातो. पोटातल्या अंधारातून थेट ट्यूबलाइटखाली! पेटीवरची गोधडी बाळाला तो अंधार थोडा परत देते. आवाजाचं मात्र वाढवून सांगणार नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने अशा कक्षात ४५ डेसिबलच्या वर आवाज नको, असं १९९७ साली सांगितलं. पण तेवढी शांतता तीन पदरी कापडाने येत नसते. पेटीवर कुणी पेन किंवा फाईल ठेवली तर तिचा आत घुमणारा टणका कमी होतो, एवढंच. तेही काही कमी नाही.

आधी चौकशी, मग कात्री

कापड घ्यायच्या आधी वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरांना भेटा. पहिला प्रश्न असा विचारा: तुमच्याकडे बंद पेट्या आहेत की उघडे वॉर्मर? आपल्याकडच्या बऱ्याच सरकारी रुग्णालयांच्या नवजात शिशू कक्षांत, म्हणजे एसएनसीयूत, उघडे रेडियंट वॉर्मरच जास्त असतात. वॉर्मर वरून उष्णता सोडतो. त्यावर काहीही टाकायचं नाही. कापड तापून पेट घेऊ शकतं आणि खालचं बाळ मात्र गार पडतं. तिथे पेटीची गोधडी नेलीत तर ती कपाटात पडून राहील.

तिथे दुसरी गोष्ट लागते: कांगारू पद्धतीसाठी दुपटं. आईच्या उघड्या छातीवर, दोन्ही स्तनांच्या मध्ये बाळाला उभं धरायचं, डोक्यावर टोपरं, खाली लंगोट, आणि पाठीवरून मऊ कापड. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या पुरत नव्हत्या म्हणून ही पद्धत सुरू झाली. आता जागतिक आरोग्य संघटना म्हणते की कमी वजनाच्या बाळाला जन्मल्यापासूनच, दिवसाचे ८ ते २४ तास असं धरावं. त्यासाठी ३० इंची चौकोनी, दोन पदरी मलमलीचं दुपटं शिवा. त्यावर फार धावदोरे नकोत, चार बोटांवर एक ओळ पुरे. बाकीची कृती खाली आहे तीच.

बंद पेट्या असतील तर पुढचे प्रश्न: किती आहेत, सगळ्या एकाच कंपनीच्या आहेत का, जुनं कापड चालतं की नवंच लागतं, कपडे कसे धुतात, ऑटोक्लेव्ह करतात का, म्हणजे दाबाच्या वाफेत निर्जंतुक करतात का. एका पेटीला दोन गोधड्या लागतात, एक पेटीवर आणि एक धुण्यात. पावसाळ्यासाठी तिसरी. चार पेट्या असतील तर बारा. आकडा कळला की हुरूप थोडा ओसरतो, पण ते बरंच असतं. मोठ्या रुग्णालयात देणगी घ्यायला वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे साधं पत्र लागतं. ते आधीच देऊन ठेवा.

माप

जमलं तर पेटीचं माप स्वतः घ्या, नाहीतर सिस्टरांना शिवणाची टेप देऊन घ्यायला सांगा. तीन आकडे हवेत: झाकणाची लांबी, रुंदी, आणि झाकणाच्या माथ्यापासून बाळाच्या गादीच्या पातळीपर्यंतची उंची. गादीच्या खाली यंत्र असतं. हवा आत घ्यायची जाळी आणि तापमानाचे आकडे तिथेच असतात, त्यावर कापड लोंबता कामा नये.

मी सरसकट ३८ इंच रुंद आणि ४२ इंच लांब अशी सपाट गोधडी करते. कोपरे शिवून पेटीला टोपीसारखी बसणारी खोळ दिसते छान, पण ती दुसऱ्या कंपनीच्या पेटीला बसत नाही. शिवाय सिस्टरांनी मला एक वाक्य सांगितलं होतं: "काकू, बाळ निळं पडलं तर मला हे एका हाताने उडवता आलं पाहिजे." त्या दिवसापासून नाड्या, बटणं, वेल्क्रो सगळं बंद. पेटीच्या बाजूला हात घालायच्या गोल खिडक्या असतात. सपाट गोधडीची कड तिथे नुसती वर दुमडता येते.

कापड

तिन्ही पदर सुती. वरचा पदर कॅम्ब्रिक किंवा मांजरपाट, मध्ये फ्लॅनेल किंवा धुऊन मऊ झालेलं धोतर, आत अस्तर. आपल्या गोधडीत आजी पाच-सहा पदर सहज घालायची. इथे तो मोह आवरा. जड गोधडी एका हाताने उडत नाही आणि श्रावणात तीन दिवस वाळत नाही, कुबट वास धरते. सिंथेटिक साडी, सॅटिन, लोकर, फर यांतलं काहीच नको. ऑटोक्लेव्हच्या १२१ अंशांच्या वाफेत भरवसा सुती कापडाचाच.

जुन्या कापडाबद्दल थोडं. आपल्याकडे बाळाला बारशापर्यंत नवं कापड घालत नाहीत. कुणीतरी वापरलेलं, वाऱ्या-पाण्याने मऊ झालेलं घालतात. बाळंतविडासुद्धा बाळ येईपर्यंत शिवून ठेवायचा नाही, असं मानणारी घरं अजून आहेत. म्हणून तर दोन महिने आधी आलेल्या बाळाचं घरात काहीच तयार नसतं. ही रीत मला आवडते, पण वॉर्डाने "नवंच हवं" म्हटलं तर नवंच न्या, वाद घालू नका. जुनं चालत असेल तर ते रोजच्या वापरातलं घ्या, कपाटात वर्षानुवर्षं पडलेलं नको. उजेडासमोर धरून बघा. विरलेली जागा लगेच दिसते.

अस्तराचा रंग हा मला पूर्वी आवडीनिवडीचा विषय वाटायचा. तसा तो नाही. पिवळ्या, नारिंगी कापडाची झाक आत पडली तर बाळ पिवळं दिसतं, हिरव्या-निळ्याने फिकं किंवा निळसर. बाळाच्या रंगावरूनच सिस्टर अर्धं निदान करतात. म्हणून आतला पदर राखाडी घ्या, गडद असेल तर उजेडही चांगला अडतो. हौस वरच्या पदरावर करा: ठिपके, पानं, चौकडा, काय हवं ते. देवादिकांची चित्रं आणि नावं मी टाळते. कुणाचं बाळ कुठल्या घरचं, आपल्याला माहीत नसतं.

हिशोब असा: ४४ इंची पन्ह्याचं कापड प्रत्येक पदराला सव्वा मीटर, म्हणजे तिन्ही मिळून पावणेचार. गोटासाठी, म्हणजे कडेच्या पट्टीसाठी, वेगळं पाव मीटर आणि चार बोटं जास्त. सव्वा मीटर म्हणजे ४९ इंच, ४२ साठी हे जास्त वाटेल. पण धुतल्यावर कापड आटतं आणि शिवताना गोधडी स्वतःही दोन्हीकडून इंचभर आवळते. हा दुसरा इंच नवे लोक विसरतात.

खळ आणि रंग

कापायच्या आधी धुवा. नवं कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजत घाला, सकाळी पाणी गढूळ दिसेल, ती खळ. मग गरम पाण्यात बिनवासाच्या साबणाने धुऊन दोनदा खळबळा. कम्फर्ट वगैरे काही घालू नका. रंगीत कापडाचा ओला कोपरा पांढऱ्या रुमालावर दाबून घासा. डाग आला तर ते कापड परत धुवा, तिसऱ्यांदाही आला तर पिशव्या शिवायला ठेवून द्या. फ्लॅनेल सगळ्यांत जास्त आटतं, ते दोनदा धुवा. नाहीतर पहिल्या धुण्यातच मधला पदर आक्रसून गोधडीला पोळीसारखे फुगे येतात.

पदर मांडणे

फरशी पुसून वाळू द्या. अस्तर उलटी बाजू वर करून पसरा, चारही कोपरे चिकटपट्टीने फरशीला लावा. ताणलेलं हवं, पण ओढलेलं नको. वर फ्लॅनेल, त्यावर वरचा पदर सुलटी बाजू वर. तळहाताने मधून कडेकडे सुरकुत्या सारत जा. गुडघे बोलायला लागतात ते इथेच, म्हणून कुणालातरी मदतीला घ्या.

आता कच्चा दोरा. टाचण्या वापरू नका, एखादी राहिली तर पुढचं सांगायला नको. वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने, मधोमध सुरू करून कडेपर्यंत, दोन-दोन इंची लांब टाके. दर चार बोटांवर एक ओळ, आधी उभ्या, मग आडव्या. हे काम कंटाळवाणं आहे आणि ते टाळलेल्या प्रत्येक गोधडीचं अस्तर मागे चुण्या पडून बसलेलं मी पाहिलंय.

धावदोरा

आमच्याकडच्या जुन्या बायका गोधडी कडेपासून सुरू करतात आणि गोल फिरत मध्याकडे येतात. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायकाही कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, अशीच कडेने आत शिवतात, चार कोपऱ्यांना कापडाची दुमडलेली फुलं लावून. हात बसलेला असेल तर खुशाल तसं करा. नवशिकीने मात्र मधून बाहेर जावं. चुकून उरलेला फुगा कडेला जाऊन निघून जातो, नाहीतर तो बरोबर मध्यात अडकून बसतो.

शिंप्याच्या खडूने लांबीच्या दिशेने मधली ओळ आखा. पुढच्या ओळी दोन्ही बाजूंना दीड-दीड इंचावर. बॉलपेन नको, ते वाफेत पसरतं.

दोरा सुती, एकेरी, हातभर. बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत लांब, त्याहून जास्त घेतला तर गुंता. टोकाला एक छोटी गाठ मारा. सुई ओळीपासून इंचभर दूर वरच्या पदरात घाला, ओळीवर बाहेर काढा आणि दोऱ्याला हलका हिसका द्या. "टुक" असा बारीक आवाज येतो आणि गाठ आत शिरून मधल्या पदरात बसते. हा आवाज ओळखायला शिका. गाठ अस्तरावर राहिली तर धुण्यात सुटते आणि सुटलेला दोरा बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला जाऊ शकतो. घट्ट बसलेल्या दोऱ्याने किंवा केसाने बोटाचा रक्तपुरवठा थांबतो. गोधडी पेटीबाहेर असते हे खरं, पण वॉर्डाच्या धांदलीत ती कुठे दुमडून ठेवली जाईल, सांगता येत नाही.

डावा हात गोधडीखाली, तर्जनीचं टोक सुईची वाट बघत. टोक बोटाला टेकलं की लगेच सुई वर फिरवा. टेकलंच नाही तर टाका अस्तरापर्यंत पोचलेला नाही, वरवर शिवणं चाललंय. सुईवर तीन-चार टाके घ्यायचे आणि मग एकदम ओढायचं. इंचाला पाच टाके पुष्कळ झाले. ओढल्यावर कापडाला चुणी पडली तर जास्त ओढलंत, नखाने दोरा मागे सारा. मधल्या बोटाला अंगुस्तान घाला. मी पहिलं वर्षभर घातलं नाही, बोटाला घट्टा पडला आणि अस्तरावर रक्ताचे ठिपके. रक्त लागलेली गोधडी देता येत नाही.

दोरा वीतभर उरला की थांबा. एक उलटा टाका, मग सुई मधल्या पदरातून इंचभर आत नेऊन बाहेर काढा आणि दोरा कापडालगत कापा. टोक आपोआप आत जातं.

३८ इंचांत दीड इंचावर ओळी म्हणजे पंचवीसेक ओळी. बेचाळीस इंचांची ओळ म्हणजे दोनशे दहा टाके. सरावाच्या हाताला एका ओळीला दहा मिनिटं लागतात, म्हणजे सगळी गोधडी चार-साडेचार तासांची. पहिल्यांदा दुप्पट धरा. मी दुपारी पाच ओळी घालते आणि उठते, नाहीतर टाके कसे थकत जातात ते ओळींवरच दिसतं.

गोट

कच्चा दोरा काढून टाका, काठ कापून ३८ बाय ४२ चा काटकोन करा. अडीच इंची चार पट्ट्या पन्हाभर कापून जोडा. घेर १६० इंचांचा आहे, कोपरे आणि जोड धरून पुरतं. पट्टी लांबीत मधोमध दुमडून इस्त्री करा, उघडी कड गोधडीच्या कडेला जुळवून वरच्या बाजूने उलट्या टिपेने शिवा, मग अस्तराकडे पलटवून बारीक हेमटाके घाला. कोपऱ्यात पट्टी वळवताना पाव इंच आधी थांबा, तिरकी दुमडा, पुढे चला. एकही दशा बाहेर दिसता कामा नये. गोट वरच्या पदराहून वेगळ्या, गडद रंगाचा घ्या, रात्रपाळीला कड पटकन हाती लागते.

द्यायच्या आधी

मी पाच सुया घेऊन बसते आणि उठताना पाच मोजते. चार भरल्या तर गोधडी हलवायची नाही, आधी लोहचुंबक फिरवायचं. नंतर सगळी गोधडी दोन्ही तळव्यांमध्ये धरून इंच-इंच चाचपायची. प्रत्येक ओळ नखाने उचलून बघायची, टाका वर येतो का.

मग शेवटचं धुणं, गरम पाण्यात. कडक उन्हात अस्तर वर करून वाळवा, गच्चीवर पण कबुतरांपासून लांब. कडक इस्त्री फिरवून लगेच स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत भरा. कपाटात ठेवायची झाली तर कडुनिंबाचा पाला नको, वेखंड नको, कापूर नको, अत्तराची बाटलीही शेजारी नको. पिशवीत एक चिठ्ठी: माप, कापड शंभर टक्के सुती, तीन पदर, फक्त बंद पेटीवर बाहेरून, निळ्या दिव्याखालच्या बाळाच्या पेटीवर नको. चिठ्ठीला स्टेपलरची पिन मारू नका. हे मी स्वतः केलंय, सुया मोजून झाल्यावर.

निळा दिवा म्हणजे कावीळ उतरवायचा दिवा. त्याचं सिस्टरांना माहीतच असतं, पण चिठ्ठी नवी आलेली मावशीही वाचते.

द्यायला जाल तेव्हा दुपारच्या ड्यूटी-बदलाची वेळ टाळा. वॉर्डात शिरायचा, बाळाबरोबर फोटो काढायचा आग्रह धरू नका. दारात बसलेल्या आयांना "कितव्या महिन्यात झालं" असं विचारू नका. १७ नोव्हेंबरला जागतिक अकाली-जन्म दिन असतो, त्या दिवशी वॉर्डात भेटींचा पूर येतो. मे महिन्यात मात्र कुणी फिरकत नाही. तेव्हा जा.

कधीतरी सिस्टर हळूच विचारतील, अगदी लहान, वीत-दीड वीत चौकोनी काही शिवून द्याल का. जे बाळ घरी जात नाही, त्याला आईच्या हातात देताना गुंडाळायला. पांढरी मलमल, दोन पदर, गोट नाही, कड आत मुडपलेली. मी ती कधी मोजून देत नाही आणि किती लागली ते विचारत नाही.

परत येणाऱ्या गोधड्या

वर्षभराने गोधड्या दुरुस्तीला मागवून घ्या. आधी फाटतो तो गोट, तोही नेमका समोरच्या कडेला, जिथून सिस्टर दिवसातून पन्नासदा उचलतात. सगळा उसवू नका. फाटक्या भागाच्या दोन्ही बाजूंना दोन बोटं सोडून कापा, नवी पट्टी टोकं आत मुडपून बसवा. म्हणून गोटाचं कापड नेहमी अर्धा मीटर जास्त घेऊन ठेवावं. गेल्या महिन्यात माझ्याकडे चार आल्या, त्यातल्या एकीला कुणीतरी वॉर्डातच पांढऱ्या दोऱ्याने घाईत सहा टाके घातले होते. शस्त्रक्रियेच्या गाठीचे असावेत, तशाच नीट, एकेक सुटी गाठ मारलेले. बाकीचा गोट बदलला, ते सहा टाके तेवढे ठेवले.